मनोरमेची आई

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचवताच बैठकीत थोडी चुळबूळ झाली. एकीचे म्हणणे पडले की रमाबाईंवर शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे लिहून झालेले आहे. दुसरीला त्यांच्या धर्मांतराचा विषय नको वाटला. दोघींचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून मी येथे त्यांच्या विद्वत्तेवर फारसे लिहिणार नाही, आणि धर्माच्या वादातही मला पडावयाचे नाही. पदरात नऊ-दहा महिन्यांचे लेकरू असताना रमाबाई जगात एकट्या पडल्या, त्या लेकराला त्यांनी कसे वाढवले आणि स्वतःला कसे सांभाळले, एवढीच हकिगत मला सांगावयाची आहे. मोठ्या चरित्रांत ती चार ओळींत आटोपते. आपल्या मंडळात ज्या तरुण मुली कडेवर पोर घेऊन येतात आणि त्याच्या किरकिरीने स्वतःच रडवेल्या होऊन परत जातात, त्यांना त्या चार ओळींचाच उपयोग अधिक होईल असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हा मोठाच अपराध. लोकांचा रोष पत्करून ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाई तेथेच जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला होता, आणि अशा रीतीने ती डोंगर उतरून खाली आली. रमाबाईंनी स्वतःच ही गोष्ट पुढे लिहून ठेवली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकराला टोपलीत घालून वावराकडे निघालेल्या बाया आपल्या भागात अजून दिसतात. त्या पाहिल्या की मला त्या पेटाऱ्याची आठवण होते.

दिवसभराच्या रामरगाड्यात शिकवायला सवड मिळत नसे, म्हणून लक्ष्मीबाई मुलीला पहाटे उठवून जवळ घेत आणि श्लोक पाठ करून घेत. दुसरी शाळा रमाबाईंना ठाऊक नव्हती. सगळे कुटुंब वर्षानुवर्षे पायी हिंडत होते, पुराणे सांगून पोट भरत होते. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. ही दोघे पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या त्या मुलीचे संस्कृत ऐकून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ही हकिगत सर्वांना माहीत आहे, म्हणून येथे थांबत नाही.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. दोघांनी आसामच्या बाजूला सिलचर येथे संसार थाटला. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. मनाला रमवणारी ती मनोरमा. इतक्या मृत्यूंनंतर घरात आलेला हा पहिलाच जीव. परंतु ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. संसार दोन वर्षेही पुरा झाला नव्हता. रमाबाईंचे वय तेवीस, आणि मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. माहेर नाही, कारण माहेरचे सगळे दुष्काळाने नेलेले. सासर म्हणावे तर जातीबाहेरच्या लग्नामुळे नातलग दुरावलेले. परका मुलूख, परकी भाषा, आणि विधवेकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी तर विचारूच नका. दहा महिन्यांचे लेकरू म्हणजे दात येण्याचे, रांगण्याचे, रात्री तीनतीनदा उठण्याचे वय. आईला दुःख झाले आहे म्हणून लेकरू काही रडणे थांबवीत नाही.

आपले माहूर येथून फार दूर नाही. तेथे रेणुकामाता आहे आणि अनसूयामाताही आहे. अनसूयेने तीन देवांना तान्ही बाळे करून मांडीवर घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ती तिन्ही बाळे एकाच वेळी रडू लागली तेव्हा त्या माउलीने काय केले, हे काही कोणी कीर्तनकार सांगत नाही. आई म्हणजे न थकणारी, न चिडणारी, अशी एक समजूत आपण करून घेतली आहे. मग थकलेली, चिडलेली आई मनात म्हणते की माझ्यातच काही वाईट आहे, आणि कोणाजवळ बोलत नाही. पुष्कळ अनर्थ या न बोलण्यातून होतात.

रमाबाई बोलल्या, आणि चालत्याही झाल्या. सिलचरला दार लावून बसण्याऐवजी त्या मुलीला घेऊन १८८२ मध्येच पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी त्यांना आधार दिला. रमाबाई रानडे आणि या रमाबाई बरोबरच इंग्रजी शिकू लागल्या. त्याच वर्षी पंडिताबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या समाजाचे कार्य स्त्रीशिक्षणाचे, हे तर आहेच. पण चार बायका आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, त्यात कडेवर पोर असलेलीही येते, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. आपले मंडळ जेव्हा दुपारी जमते आणि कोणीतरी कोणाचे पोर घेऊन अंगणात फिरवते, तेव्हा ही जुनी परंपरा चालू असते असे समजायला हरकत नाही.

त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीती हे पुस्तक निघाले. त्यात मुलांच्या संगोपनावरही एक प्रकरण आहे. हे लिहिणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी त्या वेळी जेमतेम वर्षाची होती. सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बायकाच डॉक्टर पाहिजेत असे आग्रहाने मांडले, आणि स्वतः वैद्यकी शिकण्याचा निश्चय केला. पुस्तकाच्या विक्रीने प्रवासखर्चाला हातभार लागला. एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेस निघाल्या. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती. पुण्यातल्या लोकांनी यावर जी टीका केली ती येथे लिहून जागा अडवीत नाही.

विलायतेत वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या. येथेच त्यांच्यावर दुसरा घाला आला. बरोबर आलेल्या आनंदीबाई त्या परक्या देशात मनाने खचत गेल्या आणि १८८३ मध्ये त्यांनी स्वतःचा अंत करून घेतला. रमाबाईंच्या साऱ्या आयुष्यात मला हा प्रसंग सर्वांत कठीण वाटतो. दुष्काळात माणसे गेली ती अन्नावाचून गेली. ही तर बरोबर जेवणारी, बरोबर राहणारी बाई, आणि घरात अडीच वर्षांचे लेकरू.

यानंतर रमाबाईंची प्रकृती फार बिघडली. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध पंडित मॅक्समुल्लर यांच्या घरी त्या काही दिवस राहिल्या होत्या. त्यांचे मन इतके हादरले होते की रात्री त्यांच्या खोलीत एक मोलकरीण सोबतीला झोपवावी लागे, असे मॅक्समुल्लर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ऐकू येणेही कमी झाले, आणि त्यामुळे वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला.

रानावनांतून हजारो मैल चाललेली, कलकत्त्याच्या सभेत न डगमगलेली ही बाई. तिला रात्री एकटीला झोपवेना, आणि तिने सोबत घेतली. मी विद्वान नाही, पण रमाबाईंच्या सर्व धैर्यात मला हे धैर्य मोठे वाटते. सोबत हा आपल्या घरगुती भाषेतला फार चांगला शब्द आहे. बाळंतिणीकडे, आजाऱ्याकडे, नवरा परगावी असलेल्या शेजारणीकडे रात्री सोबतीला निजायला जाण्याची रीत आपल्या गावात अजून मोडलेली नाही. मात्र गोकुंद्यापर्यंत नवी घरे झाली आहेत, नोकरीच्या निमित्ताने परगावची जोडपी येऊन राहिली आहेत. त्यांच्या घरात नवराबायको आणि एक तान्हे मूल, एवढेच. तेथे सोबत मागावी लागते, आणि मागायची लाज वाटते. पंडिता रमाबाईंना वाटली नाही, एवढे तुम्ही त्या मुलींना जाऊन सांगा.

आणि आणखी एक गोष्ट सांगा, कारण हल्लीचे डॉक्टर ती पुन्हा पुन्हा सांगतात. तान्हे मूल दीड-दोन महिन्यांचे असताना सर्वांत जास्त रडते. पोट भरलेले, दुपटे कोरडे, ताप नाही, तरी तासतासभर रडते. तीन-चार महिन्यांनंतर ते आपोआप कमी होत जाते. यात आईचा काही दोष नसतो. परंतु अशा वेळी डोके भणभणले आणि रागाच्या भरात लेकराला गदागदा हलवले, तर त्याच्या कोवळ्या मानेला झटका बसतो, मेंदूत रक्तस्राव होतो. लेकरू आंधळे होते, अधू होते, जीवही जातो, आणि अंगावर एक वळसुद्धा उठलेला नसतो. बापालाही हे सांगा, कारण दिवसभर कामाने थकून आलेल्या माणसाच्या हातूनही हे घडते. राग अनावर झाला असे वाटताच लेकराला पाळण्यात उताणे ठेवावे, अंगणात यावे, तोंडावर पाणी मारावे, शेजारणीला हाक घालावी. पाच-दहा मिनिटे रडल्याने लेकराचे काही बिघडत नाही. लेकरू अंगावर पीत नसेल, लूत पडले असेल किंवा त्याला ताप असेल, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही आईचे मन उदास असेल, झोप येत नसेल, स्वतःचे किंवा लेकराचे बरेवाईट करावे असे विचार येत असतील, तर तोही आजारच आहे आणि त्यावर औषध आहे. तिला एकटी ठेवू नये, दवाखान्यात न्यावे. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

असो. रमाबाईंकडे वळते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकण्यासाठी गेल्या. तेथे गणित, शास्त्र आणि इंग्रजी शिकत, व संस्कृत शिकवीत. या काळात मनोरमा पुष्कळशी वाँटेजच्या भगिनींजवळ वाढली. लेकराला काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवून आईने शिकावे ही गोष्ट आज शिक्षिका, परिचारिका होणाऱ्या आपल्या मुली रोज करतात. त्या काळी तिची कल्पनाही अवघड होती.

पण सोपवणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे, हे रमाबाईंना पक्के ठाऊक होते. मनोरमेला धर्माची कोणती शिकवण द्यावी यावरून त्यांचे आणि भगिनींचे खटके उडाले. जेराल्डीन नावाच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो पुढे प्रसिद्ध झाला आहे. उपकार होते, आश्रय होता, तरीही मुलीविषयीचा शेवटचा शब्द आईचाच राहील हे त्यांनी निक्षून सांगितले. आपल्याकडे हाच वाद लहान रूपात घरोघर चालतो. आजीने बिस्कीट दिले, आत्याने काजळ घातले, आणि सून धुसफुसत बसली. रमाबाईंनी धुसफूस केली नाही, पत्रे लिहिली. मदतही घेतली आणि मतही सोडले नाही. दोन्ही एकदम साधणे सोपे नसते. भगिनींनाही ते जड गेले असेल, आणि त्यांनी मनोरमेवर माया केली हेही खरे.

१८८६ च्या आरंभी रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. निमित्त होते ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात होणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आनंदीबाईंचे पहिले आणि एकुलते मूल जन्मून दहा दिवसांतच गेले होते, आणि त्यातूनच त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द जन्मली होती. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाईही गेल्या. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या.

समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी जी गोष्ट शिकून घेतली ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. ती म्हणजे किंडरगार्टन, बालोद्यान. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. हा फ्रोबेल वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याची आई वारली होती. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोळा, ठोकळे, गाणी, हातवारे, बागकाम, यांतून मूल शिकते असे त्याचे मत. रमाबाईंनी त्याचे रीतसर शिक्षण घेतले. संस्कृतची पंडिता चेंडू आणि ठोकळे घेऊन जमिनीवर बसली.

याचा आईच्या त्राग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. फार संबंध आहे. तीन वर्षांचे पोर दिवसभर भांडी आपटते, डबे उलथते, पाण्यात हात घालते. आपल्याला वाटते ते आपला सूड घेत आहे. ज्याने बालोद्यान पाहिले त्याला कळते की ते काम करीत आहे, त्याला चांगले काम देणारे कोणी नाही एवढेच. दोन वाट्या आणि मूठभर तुरी दिल्या तर अर्धा तास निघतो. जवळ बसून मात्र रहावे, नाहीतर तूर नाकात जाते! आपल्या आयांना पुस्तकाशिवाय हे समजत होते, कारण घरात दहा माणसे होती आणि अंगण होते. आता एका खोलीत एक आई आणि एक पोर असले की ते शिकून घ्यावे लागते. रमाबाईंनी मुलांना वाढवणे ही गोष्ट उपजत न मानता शिकण्याची विद्या मानली, आणि मला वाटते त्या इथे फार पुढच्या होत्या.

त्यांनी अमेरिकाभर हजारो मैल प्रवास करून व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. मनोरमेला मात्र त्यांनी मध्येच परत वाँटेजला पाठवले होते. पाच वर्षांची पोर समुद्रापलीकडे, आई इकडे. आगगाडीतून रोज नव्या गावी जाणाऱ्या आईबरोबर मुलीची आबाळ झाली असती हे कबूल. तरी सांगते, हे मला सर्वस्वी रुचत नाही. दोन-अडीच वर्षे लहान मुलीला फार मोठी वाटतात. रमाबाईंनाही ती लहान वाटली नसतील. थोरांच्या चरित्रात प्रत्येक गोष्ट बरोबरच होती असे दाखवण्याची आपल्याला सवय आहे, ती मला पाळावयाची नाही.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या परत आल्या, आणि ११ मार्च रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्याच दिवसांत आलेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, ज्या पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदन १८९० मध्ये पुण्यास गेले. सदनात बालोद्यानाची पद्धतही शिकवली जाई. तेथे जो धर्माचा वाद पेटला त्यात मी न पडण्याचे आधीच ठरवले आहे.

याच मुंबईचे एक दुसरे चित्र येथे सांगितले पाहिजे. गिरण्यांत काम करणाऱ्या बाया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही. १९२० च्या आसपास झालेल्या पाहण्यांत ही गोष्ट उघडकीस आली. त्या बायांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. घरी लेकरू सांभाळायला कोणी नाही आणि भोंगा झाला की हजर राहिले पाहिजे, तेथे त्यांनी काय करावे? गोळीने रडणे थांबे, आणि कित्येकदा श्वासही थांबे. अफू गेली असे म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. रडणाऱ्या लेकराला झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध पाजणारी घरे आजही आहेत. डॉक्टरने सांगितल्याखेरीज असे औषध चमचाभरसुद्धा देऊ नये. रडणाऱ्या लेकराला हवी असते दुसरी एक कड. आपल्या भागात वेचणीच्या वेळी बांधावरच्या झाडाला चार झोळ्या टांगतात आणि एखादी म्हातारी चारही लेकरांकडे पाहत बसते. तिची मजुरी सगळ्याजणी मिळून भरतात. हा व्यवहार कोणा तज्ज्ञाने शिकवलेला नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती पुढे वस्तीच्या अंगणात नेली, आणि १९७५ पासून देशभर अंगणवाड्या निघाल्या. त्यामागेही हीच साधी गरज आहे. आज आपल्या तालुक्यात तांड्यावर आणि गुड्यातही अंगणवाडी आहे. तेथील सेविकेला आपण फक्त खिचडीपुरते ओळखतो, हे काही ठीक नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या शेकडो बायामुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. जिचे सारे माहेर दुष्काळाने नेले तिने दुष्काळातल्या मुलींना आई दिली, यावर पुष्कळांनी लिहिले आहे. तेथे विणकाम, शेती, छापखाना असे अनेक उद्योग चालत, आणि लहान मुलांना मोठ्या मुली सांभाळीत. एवढ्या लेकरांना एकटी रमाबाई कशी पुरणार होती?

मनोरमाही परत येऊन आईच्या कामात पडली. विलायतेत वाढलेली, अमेरिकेत शिकलेली ही मुलगी मराठी मुलुखात आईच्या शेजारी उभी राहिली. १९१२ च्या सुमारास तिने गुलबर्ग्यास शाळा सुरू केली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपले किनवटही. किनवट त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, १९५६ मध्ये ते नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत मागे पडलेल्या त्या राज्यात जाऊन शाळा काढणे सोपे नव्हते. लहानपणी इतक्या हातांतून वाढलेल्या मुलीला नव्या गावची, नव्या माणसांची भीती वाटली नसावी, असे आपले मला वाटते.

रमाबाईंनी आपल्यामागे मुक्तीचा कारभार मनोरमेने पाहावा असे ठरवले होते. तसे झाले नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. तिचे वय चाळीस होते. रमाबाई त्यानंतर आठ महिने राहिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल तयार करण्याचे त्यांचे काम शेवटपर्यंत चालू होते, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले.